जपानमध्ये दोन आठवडे, सोबत तेरा आणि सोळा वर्षांची मुलं: आराखडा कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील, सोळा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा असे चौघे दोन आठवड्यांसाठी जपानला निघाले आहेत. आई आणि मुलगी शाकाहारी, बाप-लेक सगळं खातात. मुलीला चित्रकलेचं आणि अ‍ॅनिमेचं वेड, मुलाला गेम्सचं. यादीत टोकियो, निक्को, हाकोने, ताकायामा, कानाझावा, क्योतो, नारा, हिरोशिमा, ओसाका आणि "जमलंच तर" सप्पोरो. हे सगळं बसेल का, चौदा दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का आणि मुलं कंटाळू नयेत म्हणून काय करावं, अशी विचारणा आहे.

कुटुंबांसाठी जपानच्या सहली आखण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: ही यादी बसत नाही. रेल्वेच्या वेळापत्रकात बसते, कारण जपानमध्ये गाड्या वेगवान आहेत आणि वेळेवर सुटतात. पण गाडीत बसायचं आहे ते चार माणसांनी, आणि त्यातल्या दोघांची वयं वाढीची आहेत.

दिवस मोजू नका, रात्री मोजा. दोन आठवड्यांतून विमानप्रवास वजा केला की हातात साधारण तेरा रात्री उरतात. दहा ठिकाणं तेरा रात्रींत घालायची म्हणजे जवळजवळ रोज बॅग भरायची. मुक्काम हलवण्याचा दिवस कागदावर किरकोळ दिसतो. टोकियो ते क्योतो नोझोमी या शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) सव्वादोन तास, म्हणजे "दुपारपासून क्योतो फिरू" असं आपण लिहून टाकतो. प्रत्यक्षात काय होतं बघा. मुलं साडेआठला उठतात. एक अंघोळीला जातो, दुसरी चार्जर शोधते. दहाच्या सुमारास खोली सोडायची असते. बॅगा ओढत लोकलने टोकियो स्टेशन गाठायचं, फलाट शोधायचा, गाडीत खायला काहीतरी घ्यायचं. दीड-दोनला क्योतोला उतरलात तरी हॉटेलची खोली तीनच्या आधी मिळत नाही. बॅगा तिथे ठेवून जेवायला बाहेर पडता, आणि जेवण आटपेपर्यंत चार वाजतात. क्योतोतली बरीचशी मंदिरं साडेचार-पाचला बंद होतात. तो दिवस संपला. असे पाच-सहा दिवस सहलीत आले की मुलांच्या लक्षात जपान राहत नाही, फक्त स्टेशनं राहतात.

म्हणून माझी मांडणी अशी: टोकियोत चार रात्री, हाकोनेत एक, क्योतोत चार, हिरोशिमात एक आणि ओसाकात तीन. पहिले तीन थांबे एकाच रेल्वेमार्गावर ओळीने येतात. हिरोशिमा त्याच ओळीत पुढे आहे आणि तिथून थोडं मागे येऊन ओसाका. विमानाचं तिकीट काढताना टोकियोत उतरा आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परता. भाड्यात थोडा फरक पडला तरी चालेल. परतीसाठी पुन्हा टोकियोला जायचं म्हटलं तर अर्धा दिवस आणि माणशी जवळपास १४,००० येन खर्ची पडतात.

काय गाळलं आणि का, तेही सांगतो. सप्पोरो उत्तरेच्या होक्काइदो बेटावर आहे, तिथे विमानाने जाऊन येण्यात मधले दोन दिवस मोडतात. निक्को सुंदर आहे, पण टोकियोहून जाता-येता चार तास जातात, आणि डोंगर-देवदार तुम्हाला हाकोनेत भेटणारच आहेत. ताकायामा आणि कानाझावा गाळताना मलाही वाईट वाटतं. विशेषतः शिराकावा-गोची गवताच्या उतरत्या छपरांची घरं मुलांना आवडतात. पण त्या बाजूला न्याय द्यायचा तर तीन रात्री लागतात. अगदीच मन होत नसेल तर हाकोने सोडा, टोकियो आणि ओसाकातून एकेक रात्र घ्या आणि होकुरिकु शिंकानसेनने कानाझावाला जा. साधारण अडीच तास लागतात. मार्च २०२४पासून ही गाडी पुढे त्सुरुगापर्यंत जाते आणि तिथे थंडरबर्ड एक्स्प्रेस पकडून क्योतो गाठता येतं. हिरोशिमाला मात्र हात लावू नका. का, ते पुढे सांगतो. नारा गाळलेलं नाही, क्योतोहून ते पाऊण तासावर आहे, एका दिवसात होतं.

आता झोपेबद्दल. किशोरवयीन मुलांसोबतच्या सहलीत सर्वांत जास्त वाद याच गोष्टीवरून होतात, आणि आराखडा करताना तिचा विचार कुणीच करत नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं: रात्री झोप उशिरा येते, सकाळी जाग उशिरा येते, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. त्यात जपान भारताच्या साडेतीन तास पुढे. टोकियोत सकाळचे सात वाजतात तेव्हा मुलांच्या शरीराच्या लेखी पहाटेचे साडेतीन असतात. अशा वेळी त्यांना हाका मारून उठवायचं, ती तोंड पाडून बसतात, आणि आई-वडिलांना वाटतं मुलांना कशाचं कौतुकच नाही. पहिले तीन दिवस साडेनऊच्या आधी कुठेही निघायचं नाही, असं ठरवूनच जा. टोकियोला त्याने काहीच बिघडत नाही. तिथली दुकानं दहा-अकराला उघडतात आणि शहर रात्रीच खुलतं. आई-वडील लवकर उठणारे असतील तर दोघांनी सकाळी चालायला जावं. उएनोचं तळं किंवा असाकुसातलं सेन्सो-जी मंदिर सकाळी सातला जसं शांत असतं तसं नंतर दिवसभर सापडत नाही.

क्योतोत हे गणित उलटं होतं, कारण तिथे सकाळ महत्त्वाची. पण तोपर्यंत मुलं त्या वेळेला सरावलेली असतात. तिथेही चारपैकी एकच सकाळ लवकरची ठेवा, ती अराशियामाच्या बांबूबनासाठी. फुशिमी इनारी या मंदिराला संध्याकाळी जा. ते कधीच बंद होत नाही, दिवस मावळल्यावर गर्दी ओसरते, आणि हजारो केशरी तोरींमधून, म्हणजे मंदिराच्या कमानींमधून, दिव्यांच्या उजेडात डोंगर चढताना सोळा वर्षांची मुलगीसुद्धा फोन खिशात ठेवते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

टोकियोत राहायला उएनो किंवा असाकुसा घ्या. नरिता विमानतळावरून स्कायलायनर गाडी पाऊण तासात उएनोला आणते. जपानी हॉटेलांच्या खोल्या दोघांसाठी असतात आणि खरोखर लहान असतात. मोठी बॅग उघडायची तर पलंगावर चढून बसावं लागतं. चौघांसाठी अपार्टमेंट पद्धतीचं हॉटेल बघा, ज्यात चार पलंग, छोटं स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं यंत्र असतं. मिमारू नावाची साखळी टोकियो, क्योतो आणि ओसाका या तिन्ही ठिकाणी अशा खोल्या देते. स्वयंपाकघर शाकाहारी माणसांना उपयोगी पडतं आणि धुण्याच्या यंत्रामुळे पाच दिवसांचेच कपडे न्यावे लागतात.

टोकियोतल्या तीन पूर्ण दिवसांपैकी एक दिवस मुलीने आखायचा, एक मुलाने, आणि एक सगळ्यांचा. "आखायचा" म्हणजे खरोखर आखायचा: कुठल्या गाडीने जायचं, किती वेळ थांबायचं, जेवायचं कुठे, पैसे किती. "मुलांना काय बघायचं ते विचारा" हा सल्ला अपुरा आहे, कारण विचारलं की ती तीन नावं सांगून मोकळी होतात आणि बाकी सगळं पुन्हा आई-वडिलांवर येतं. गाडी चुकली तर ज्याचा दिवस आहे त्यानेच पुढची शोधायची, आणि मोठ्यांनी त्या दिवशी सूचना करायच्या नाहीत. हे शेवटचं पाळणं अवघड जातं, पण पाळा.

मुलीच्या दिवसाचा नमुना देतो. मिताकाचं घिबली म्युझियम (अ‍ॅनिमे बनवणाऱ्या घिबली स्टुडिओचं) सकाळी. तिथून इनोकाशिरा उद्यानातून चालत किचिजोजी स्टेशन, तळ्याकाठी थोडा वेळ. मग इनोकाशिरा लाइनने शिमोकिताझावाला उतरायचं, कारण तिथल्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्याच गाडीने पुढे शिबुया. पूर्ण दिवस एका रेल्वेमार्गाच्या काठाने जातो, उलटसुलट धावपळ होत नाही. मुलाला अकिहाबारा सुचेल, म्हणजे गेम्स आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा भाग. तिथे त्याला तीन तास द्या. एक नियम मात्र माहीत असू द्या: गेम सेंटरमध्ये रात्री दहानंतर अठरा वर्षांखालच्यांना मनाई आहे, आणि सोळाच्या आतल्या मुलांना बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहानंतर पालकांशिवाय थांबू देत नाहीत.

आणि एक दुपार दोघांना एकटं सोडा. भावंडांनी एकत्र राहायचं, चार तास, बस्स. ऐकून आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. पण जपानमध्ये प्राथमिक शाळेतली पोरं पाठीवर दप्तर घेऊन एकटी लोकलने शाळेत जातात. चौकाचौकात 'कोबान' म्हणजे छोटी पोलीस चौकी असते आणि वाट चुकलेल्याला मदत करणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम. तयारी मात्र पक्की हवी. दोघांच्या फोनमध्ये आपापला डेटा, दोघांत मिळून एक पॉवर बँक, खिशात हॉटेलचा पत्ता जपानी अक्षरांत छापलेलं कार्ड, आणि प्रत्येकाचं स्वतःचं सुइका किंवा पास्मो कार्ड, म्हणजे लोकल-मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड. आयफोनमध्ये हे कार्ड फोनमध्येच काढता येतं. जपानबाहेर घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते चालत नाही, प्लास्टिकचं कार्ड घ्यावं लागतं. भेटायची जागा ठरवताना "स्टेशनवर भेटू" हे शब्द उच्चारू नका. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा आहेत. "उएनो स्टेशन, पार्क एक्झिट, तिकीटफाटकाच्या बाहेर, साडेपाच" असं ठरवा आणि आदल्या दिवशी चौघांनी मिळून ती जागा एकदा डोळ्यांनी पाहून ठेवा. त्या चार तासांनंतर परत येणारी मुलं वेगळी असतात. पुढच्या दहा दिवसांत फलाट कुठला हे तुम्हाला त्यांनाच विचारावंसं वाटेल.

टोकियोहून हाकोनेला निघताना मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका. जपानमध्ये सामान पुढच्या हॉटेलवर पाठवण्याची सोय आहे, तिला ताक्क्यूबिन म्हणतात. आदल्या दिवशी बॅगा हॉटेलच्या काउंटरवर न्यायच्या, क्योतोच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि तारीख सांगायची. काउंटरवरचा माणूस बॅगेची मापं घेतो, चिठ्ठी भरतो, एक प्रत तुम्हाला देतो. आकारमानानुसार एका बॅगेला साधारण २,००० ते ३,००० येन पडतात. पोचण्याची तारीख एक दिवस पुढची टाका, म्हणजे हाकोनेची रात्र मधे बसते आणि तुम्ही क्योतोला पोचाल तेव्हा बॅगा आलेल्या असतात. चौघांच्या पाठीवर फक्त एका रात्रीची सॅक. क्योतोहून हिरोशिमाला जातानाही हेच करा, मोठ्या बॅगा थेट ओसाकाला पाठवा. शिंकानसेनमध्ये मोठी बॅग न्यायचीच झाली तर लक्षात ठेवा: लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या रांगेतल्या, बॅगेची जागा असलेल्या खास सीट आधी आरक्षित कराव्या लागतात. त्याला जादा पैसे नाहीत, पण न करता गेलात तर १,००० येन भरावे लागतात.

हाकोनेची रात्र र्‍योकानसाठी, म्हणजे पारंपरिक जपानी निवासासाठी. चौघे एका तातामी (गवती चटयांच्या) खोलीत, जमिनीवर गाद्या घालून. एरवी एका खोलीत झोपायला कुरकुर करणारी भावंडं इथे रात्री उशिरापर्यंत गप्पा मारतात. एक अडचण आधीच ओळखा. तिथली सार्वजनिक गरम पाण्याची कुंडं स्त्री-पुरुषांची वेगळी असली तरी आत कपडे घालून जात नाहीत, आणि या वयाची मुलं त्याला साफ नकार देतात, जे त्या वयात स्वाभाविक आहे. आग्रह करू नका. र्‍योकान निवडतानाच तासाभरासाठी खासगी मिळणारं कुंड आहे का ते पाहा. दोघा-दोघांनी किंवा एकेकट्याने जाता येतं आणि प्रश्नच उरत नाही.

दिवसभराचा फेरा ओदावारापासून सुरू होतो. तिथेच हाकोने फ्रीपास, म्हणजे या फेऱ्यातल्या वाहनांचं एकत्र तिकीट, घ्या. झिगझॅग चढणारी डोंगरी रेल्वे गोरापर्यंत, मग केबल कार, मग रोपवे. ओवाकुदानीला गंधकाच्या वाफा निघतात आणि त्या पाण्यात उकडलेली काळ्या कवचाची अंडी मिळतात. खाली आशी सरोवरात जहाज. जोराच्या वाऱ्यात किंवा ज्वालामुखीचा वायू वाढला तर रोपवे बंद ठेवतात, म्हणून पर्याय हाताशी असू द्या: डोंगरी रेल्वेच्या वाटेवरचं खुल्या आवारातलं शिल्पसंग्रहालय. चित्रकलेची आवड असलेल्या मुलीसाठी ते मुख्य बेतातही घालायला हरकत नाही.

ओदावाराला नोझोमी थांबत नाही. हिकारी नावाच्या शिंकानसेन गाड्यांपैकी काही थांबतात, त्यातली निवडा, क्योतोला दोन तास लागतात. सीट आरक्षित करताना डी आणि ई या जोडसीट मागे-पुढे अशा दोन रांगांत घ्या. ई म्हणजे फूजीच्या बाजूची खिडकी. पुढची सीट फिरवली की चौघे समोरासमोर बसता, आणि हवा स्वच्छ असेल तर शिन-फूजी स्टेशनच्या आसपास पर्वत पूर्ण दिसतो.

क्योतोत पालकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे मंदिरांचा भडिमार. दिवसाला एक मोठं मंदिर, फार तर दोन. सुवर्णमंदिर किंकाकु-जी, कियोमिझु-देराचा लाकडी सज्जा, फुशिमी इनारी आणि अराशियामा एवढं चार दिवसांत पुरे आहे. मधल्या वेळात मुलांना हाताने करायचं काहीतरी द्या: गोड पदार्थ बनवणं, कापडावर रंग चढवणं, तलवारबाजीचा एखादा तास. शहरातल्या बसेस अतोनात भरलेल्या असतात, शक्य तिथे मेट्रो आणि जेआरच्या (जपान रेल्वेच्या) लोकल वापरा.

नाराला एक पूर्ण दिवस द्या, घाई नको. उद्यानात हजाराच्या वर हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी खास बनवलेल्या पापड्या विकत मिळतात. पापडी वर धरली की हरीण मान झुकवतं, पुन्हा झुकवतं, आणि तुम्ही फार वेळ लावलात तर शर्ट ओढतं. मुलाला सांगून ठेवा: पापडी दाखवून चिडवायचं नाही, आणि संपली की दोन्ही तळवे मोकळे करून दाखवायचे. हरणांना ती खूण कळते आणि ती निघून जातात. तोदाय-जीचा बुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच आहे, तो मुलांना वेगळं काही न समजावता आवडतो.

आता हिरोशिमा. काही पालक मला सांगतात, "सुट्टीत कशाला इतकं जड." मला वाटतं तेरा आणि सोळा हीच वयं त्यासाठी योग्य आहेत. शांती स्मारक संग्रहालयात एक जेवणाचा डबा ठेवलेला आहे. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी शहरात हजारो शाळकरी मुलांना घरं पाडून आगीला आडव्या मोकळ्या पट्ट्या करण्याच्या कामाला लावलं होतं. हा डबा त्यांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाचा. आतलं अन्न कोळसा झालं आहे. त्याला तो खाता आलाच नाही. बाहेर उद्यानात मुलांचं स्मारक आहे, १९५८ सालचं. बॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती, बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली, तिच्यामुळे ते उभं राहिलं. जपानभरच्या शाळांच्या सहली तिथे कागदी बगळ्यांच्या माळा घेऊन येतात. तुमच्या मुलांच्या वयाचीच मुलं असतात ती, गणवेशात, रांगेत.

जाण्याआधी दोघांना काय पाहायला मिळणार आहे ते साध्या शब्दांत सांगा. आत कुणाला मध्येच बाहेर पडावंसं वाटलं तर पडू द्या. दीड-दोन तासांनंतर दुसरं कुठलंही ठिकाण लावून घेऊ नका. मोतोयासु नदीच्या काठाने, बॉम्बनंतर उभ्या राहिलेल्या घुमटाच्या इमारतीपर्यंत चाला, बसा. मुलं कदाचित काहीच बोलणार नाहीत. रात्री जेवताना किंवा दोन दिवसांनी गाडीत प्रश्न विचारतील. तिकीट मोठ्यांना २०० येन, बारावीपर्यंतच्या मोठ्या विद्यार्थ्यांना १००, त्याखालच्या मुलांना काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मियाजिमा बेटाची फेरी बोट, दहा मिनिटांची. समुद्रातली लाल तोरी भरतीला पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, ओहोटीला तिच्यापर्यंत चालत जाता येतं. भरती-ओहोटीच्या वेळा मुलाला शोधायला सांगा आणि त्यावर बोट ठरवा.

ओसाकाबद्दल फार लिहायला नको. एक दिवस युनिव्हर्सल स्टुडिओजचा, एक दिवस मोकळा, संध्याकाळ दोतोनबोरी या खाण्यापिण्याच्या गजबजलेल्या भागात. डिस्नी की युनिव्हर्सल, असं तुम्ही विचारलंत तर या मुलांसाठी युनिव्हर्सलच, निन्तेन्दोच्या विभागासाठी. गर्दीच्या दिवशी त्या विभागात शिरायला वेळेचं तिकीट लागतं, ते उद्यानात पाय ठेवल्या ठेवल्या अ‍ॅपवर घ्या. दोन्ही उद्यानं करायच्या फंदात पडू नका.

पैशांचं सांगतो. जपान रेल्वेत बारा वर्षांपासून पूर्ण भाडं लागतं, म्हणजे तुमचे चौघेही मोठे. चौदा दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३मध्ये ४७,२५० येनवरून ८०,०००वर गेला. वरच्या मार्गावरची सगळी शिंकानसेन तिकिटं सुटी घेतली तरी माणशी ४०,००० येनच्या आसपास येतात. त्यामुळे पास नको. तुम्ही वाचलेले बरेच जुने सल्ले पास स्वस्त होता तेव्हाचे आहेत. युनिव्हर्सलमध्येही बारापासून मोठ्यांचं तिकीट. दोन्ही मुलांना रोजचे ठरावीक पैसे रोख द्या, त्यातच दुपारचं खाणं आणि खरेदी. एखाद्या दिवशी मुलाचे पैसे मधेच संपतील. भर घालू नका.

खाण्याची अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. सुक्या माशाचा हा अर्क सूप, सॉस, नूडल्सचं पाणी, भाजी, सगळ्यात असतो आणि जपानी माणूस त्याला मासा म्हणून मोजत नाही. "मांस, मासे आणि माशांची दाशी चालत नाही" असं जपानीत लिहिलेलं कार्ड दोघींकडे असू द्या. र्‍योकानला बुकिंग करतानाच कळवा, पोचल्यावर सांगून उपयोग नाही. क्योतोत बौद्ध मठांच्या परंपरेचं शोजिन र्‍योरी हे पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाच्या उपाहारगृहातलं रामेन (सूपमधल्या नूडल्स) वनस्पतीजन्यच असतं. बाकी दर दोन दिवसांनी एक भारतीय जेवण आणि एक घरी शिजवलेलं, असं धरून चला. यात कमीपणा काही नाही, भुकेल्या मुलीला कुठलंही मंदिर सुंदर वाटत नाही.

तारखा ठरल्या नसतील तर २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा गोल्डन वीक टाळा. त्यानंतरचे मे महिन्याचे आठवडे उत्तम, जूनमध्ये पाऊस लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये क्योतोचा उकाडा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी असते. नोव्हेंबर फार छान, पण पानं लाल व्हायला लागली की क्योतोची हॉटेलं महिनोन्‌महिने आधी भरतात.

बुकिंगचा क्रम विमान, मग क्योतोची चार पलंगांची खोली, मग र्‍योकान, मग बाकी. रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी पुरतात. घिबली म्युझियमची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला पुढच्या महिन्यासाठी खुली होतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला, आणि दारात तिकीट मिळत नाही. त्या दिवशी संगणकासमोर मुलीलाच बसवा. पासपोर्टवरची नावं, दोन पर्यायी तारखा आणि तुमचं कार्ड तिच्या हाताशी ठेवा.